जर्मनीत आग्रह करत नाहीत

प्रश्न सांगलीच्या एका आईचा आहे. मुलगी यंदा दहावीत. रोटरी क्लबच्या विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमात तिची निवड झाली आहे आणि ऑगस्टमध्ये ती वर्षभरासाठी जर्मनीला जाईल. घर शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलगी अभ्यासू, पण बुजरी. सोबत काय काय द्यावं, कागदपत्रांचं काय, अकरावीचं काय, अनोळखी घरात तिचं कसं निभेल आणि आत्तापासून कशाची तयारी करून घ्यावी, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'बुजरी' हा आहे. सामानावर आणि कागदांवर येतेच, पण आधी माझाच एक प्रसंग सांगते.

मी १९८७-८८ चं शालेय वर्ष तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, हानोव्हरजवळच्या एका खेड्यात काढलं. पहिल्या संध्याकाळी यजमान आईने, म्हणजे ज्या घरी मी राहायला गेले तिथल्या आईने, ब्रेड-चीजचं ताट पुढे करून विचारलं, अजून हवंय का? मी घरच्या वळणाप्रमाणे म्हटलं, "नको." आता ती म्हणेल, "अगं घे, लाजतेस काय," मग मी "बरं, अर्धा" म्हणेन, असा माझा हिशेब. तिने ताट उचललं आणि हसतमुखाने आत नेऊन ठेवलं. मी नको म्हटलं होतं, तिने ते ऐकलं होतं, विषय संपला. त्या रात्री आईने दिलेला चिवडा मी पांघरुणात तोंड खुपसून खाल्ला. कुरकुर ऐकू जाऊ नये म्हणून आधी तोंडात भिजवायचा आणि मग चावायचा.

पुढे पुण्यात जर्मन शिकवता शिकवता गेली बावीस वर्षं मी अशा मुलांची तयारी करून घेते आहे. चिवड्याची गोष्ट मला दरवर्षी कुणाच्या तरी तोंडून नव्याने ऐकू येते. मुलं भाषेने अडतात, थंडीने गारठतात, पण त्यातून निघतात. 'नको', 'चालेल', 'काही नाही', 'असू दे' या चार शब्दांत मात्र हुशार मुलंही महिनोन्‌महिने अडकून बसतात. आपल्याकडे मुलाने मागायचं नसतं, मोठ्यांनी ओळखायचं असतं. पानात वाढणारी आई चेहरा बघून वाढते. तिकडे चेहरा कुणी वाचत नाही. तिकडच्या रीतीने पाहिलं तर माणसाने सांगितलं नसताना त्याच्या मनातलं आपणच ठरवणं, हाच आगाऊपणा. एका वर्षी आमच्या एका मुलाचं वजन सहा आठवड्यांत पाच किलोंनी उतरलं. यजमान घरातलं फ्रिज भरलेलं होतं. 'उघडू का' हे त्याने विचारलं नव्हतं, आणि विचारायला लागतं हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

म्हणून तयारी आजपासून आणि तुमच्याच स्वयंपाकघरातून. घरात आग्रह बंद करा. एकदा विचारायचं, ती 'नको' म्हणाली तर भांडं झाकून ठेवायचं. आजी असतील तर त्यांना फार जड जाईल, माझ्या सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. दुसरं, बँकेत, रिक्षावाल्याशी, गॅस एजन्सीला फोन करताना, डॉक्टरांना काय होतंय ते सांगताना तिनेच बोलायचं, तुम्ही शेजारी गप्प उभं राहायचं. तिसरं मी सगळ्यांना सांगते आणि फारच थोडे पालक करतात. जाण्याआधी एक आठवडा तिला अशा घरी राहायला पाठवा, जिथे मावशी, आत्या, काकू कुणी नाही. तुमची एखादी मैत्रीण, शक्यतो दुसऱ्या गावातली. टॉवेल कुठे वाळत घालायचा हे जिथे विचारावं लागतं, असं घर. तिथून पहिल्याच रात्री 'मला न्यायला ये' असा फोन आला, तर तो जुलैत येऊन गेला हे चांगलंच झालं.

पहिल्या रात्री यजमान घरात विचारायच्या प्रश्नांची एक यादी विनिमय कार्यक्रमांत मुलांना देतात. ती छापील यादी मुलं बॅगेच्या तळाशी ठेवतात, म्हणून मी ती जर्मनमध्ये वहीत हाताने लिहून घेते आणि पाठ करून घेते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? सकाळी मला उठवणार की मी उठायचं? आंघोळीची माझी वेळ कोणती, आणि किती मिनिटं? कपडे कुठे टाकू, मशीन मी लावायचं का? फ्रिजमधलं काय विचारून घ्यायचं, काय न विचारता? घरातलं कोणतं काम माझं? खोलीचं दार उघडं ठेवायचं की बंद? वायफाय रात्री चालू असतं का? रागावलात तर मला कसं कळेल? हा शेवटचा प्रश्न यादीत नव्हता, मी घातला. एका यजमान आईने तो ऐकून मुलीला जवळ घेतलं होतं आणि म्हणाली होती, मी सांगेन, आणि तूही सांगायचंस.

हाक मारण्यावरून आठवलं. घरातली माणसं पहिल्याच दिवशी नावाने हाक मारा म्हणतील. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना आपल्या मुलींची जीभ अडखळते. मारू द्या. शाळेतल्या शिक्षकांना मात्र 'फ्राउ' किंवा 'हेर' लावून आडनाव आणि आदरार्थी 'झी'. 'सर', 'मॅडम' नाही. तू आणि तुम्ही यांतला भेद जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी' असा आपल्यासारखाच आहे, त्यामुळे मराठी कानाला तो लगेच उमजतो.

भाषेत आपल्याला एवढंच फुकट मिळत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी माध्यमाची मुलं डोक्याला हात लावतात. तो, ती, ते म्हणणाऱ्या मुलीने घाबरायचं काही कारण नाही. कुठली वस्तू कुठल्या लिंगाची हे पाठ करावं लागेल, पण दगडालाही लिंग असतं ही कल्पना नवी नाही. 'वाइल इख म्यूडे बिन' म्हणजे 'कारण मी दमलेली आहे', शब्दाला शब्द लावून बघा, क्रियापद दोन्हीकडे शेवटीच. आणि चमच्यातला, चाकातला जो 'च' आहे ना, तोच जर्मन 'त्सेन', 'त्साइट' मधला उच्चार. हिंदी बोलणाऱ्यांना तो मुद्दाम शिकवावा लागतो. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की एप्रिल ते जुलै रोज दोन तास दिले, तर जाण्याआधी ए-१ ही भाषेची पहिली पातळी पूर्ण होऊन ए-२ ला, म्हणजे दुसरीला, हात लागतो. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट ही जुनी ठिकाणं आहेत, ऑनलाइन वर्गही मिळतात. नववी-दहावीत शाळेत जर्मन होतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्या मुलांना रिकाम्या जागा भरता येतात, पण 'मला भूक लागली आहे' म्हणताना चार सेकंद लागतात. यजमान घरात पहिले तीन-चार आठवडे इंग्रजीत निभतं आणि तिथेच घोटाळा होतो, कारण एकदा इंग्रजी बसली की घरातले सगळे तिच्याच सोयीने चालतात. पहिल्या दिवसापासून मोडकंतोडकं जर्मन.

आता कागद. पासपोर्ट पूर्ण वर्षभर आणि परतीनंतरही काही महिने चालेल असा हवा. लहान वयात काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचाच असतो, तारीख आजच बघा. त्यातच नावाचीही एक गंमत आहे. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि जर्मन कचेरी ती दोन्ही तिचीच नावं समजते. एका मुलीला शाळेच्या हजेरीत दोन महिने 'राजेंद्र' म्हणत होते आणि ही बुजरी पोर 'हजर' म्हणत होती! नोंदणीच्या दिवशीच सांगायचं, यातलं हाक मारायचं नाव कोणतं ते. व्हिसा दीर्घ मुदतीचा, राष्ट्रीय व्हिसा असतो, पर्यटकांचा अल्पमुदतीचा शेंगेन नव्हे. मुलगी अल्पवयीन असल्याने आई-वडील दोघांची लेखी संमती लागते. आई-वडील विभक्त असतील तर त्या कागदाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो आधी हाती घ्यावा. तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांत राहत्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद करावी लागते, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. यजमान घरचे नेतातच, पण मूळ कागद हँडबॅगेत हवेत, मोठ्या बॅगेत नकोत.

एक कागद मात्र हमखास विसरतात. जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर-संरक्षणाचा कायदा आहे आणि शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला गोवरच्या लसीचा पुरावा दाखवावा लागतो. डोस दोन. आपल्या मुलांना लस दिलेली असते, पण ते पिवळं पडलेलं कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे ते आजीलाच ठाऊक. मिळालं नाही तर डॉक्टरांना विचारून डोस पुन्हा घेता येतो आणि नोंद इंग्रजीत करून मिळते. दात आणि डोळेही जाण्याआधी दाखवून घ्या. दातांचं नेहमीचं काम आणि चष्मा बहुतेक विम्यांत बसत नाही आणि तिथे त्याचे पैसे ऐकून माणूस दुखणंच विसरतो. चष्मा असेल तर दोन द्या.

सामान थोडक्यात सांगते, कारण त्यात तुम्ही माझं ऐकणार नाही हे मला माहीत आहे. जाड कोट इथून घेऊ नका. तिकडच्या थंडीला तिकडचाच लागतो, आणि यजमान घरात बहुधा कुणाचा तरी जुना मिळतो. रोटरीच्या मुलांचा ब्लेझर असतो, त्यावर इतर देशांच्या मुलांकडून मिळालेले बिल्ले लावतात. अदलाबदलीसाठी तिच्याकडे शंभरेक छोटे बिल्ले हवेत, ते ऑगस्टमध्ये नाही, जूनमध्येच करायला टाका. यजमानांसाठी भेटवस्तू लहान, पण जिच्याबद्दल तिला पाच वाक्यं बोलता येतील अशी. कोल्हापुरी चप्पल, वारली चित्र असलेली पिशवी, सांगलीची हळद. हो, हळदच. हळकुंडाबद्दल बोलताना बुजऱ्या मुलींचाही आवाज मोठा झालेला मी ऐकला आहे.

खाण्याच्या बॅगेत काय घालू नये ते नीट ऐका. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, तूप, खवा नाही. ताजी फळं आणि पानंही नाहीत. कढीपत्ता नाही, हापूस नाही. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळं वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालतात. पण अख्खं सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून. आणि विमान दुबई किंवा अबूधाबीमार्गे असेल तर खसखस अजिबात नको. जर्मनीत खसखशीचा केक प्रत्येक बेकरीत मिळतो, पण अमिरातींत ती अमली पदार्थांत मोडते. खसखस म्हणून वेगळी कुणी देत नाही, ती घरच्या काळ्या मसाल्यात नाहीतर अनारशांवर बसून जाते. मसाला द्यायचाच तर बिनखसखशीचा वेगळा कुटा.

निघताना तुम्ही नव्या बॅगेवर कुंकवाने स्वस्तिक काढाल. नका काढू. जर्मनीत नाझींची चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवणं हा फौजदारी गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक ते नव्हे हे आपल्याला माहीत आहे, कायद्यालाही हेतूतला फरक कळतो, पण विमानतळावर पट्ट्यावरून येणाऱ्या बॅगेला हेतू सांगता येत नाही. दिवाळीच्या पणत्या, रांगोळीचे ठसे, पूजेच्या पोथीचं मुखपृष्ठ एकदा नजरेखालून घाला. बॅगेवर ॐ काढा, तेही गोडच दिसतं. याच्याच जोडीने दुसरी गोष्ट. आपल्याकडे कडक मास्तरांना नाहीतर घरच्या शिस्तीच्या आजीला 'हिटलर' म्हणायची वाईट सवय आहे. तिथे ते नाव विनोदात घेत नाहीत. माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गात हसत हसत 'माय मदर इज अ हिटलर' म्हटलं आणि तो पूर्ण वर्ग गप्प झाला. नंतर शिक्षिकेने त्याला बाजूला घेऊन तासभर समजावलं. तो शहाणा मुलगा, पुढे त्याच शिक्षिकेबरोबर छळछावणीचं स्मारक बघून आला आणि त्यावरचा त्याचा निबंध मी अजून जपून ठेवला आहे.

शाकाहाराचं फारसं मनावर घेऊ नका. आता जर्मनीत शाकाहारी असणं ही नवलाई राहिलेली नाही, शाळेतल्या तिच्या वर्गातच तीन-चार निघतील. पण त्यांच्या लेखी अंडं शाकाहारी असतं. फॉर्मवर 'अंडं चालतं' असं कुटुंब मिळायला सोपं जावं म्हणून लिहू नका. खरं लिहा आणि मग तिच्याशी बोलून ठरवा की केकमधलं अंडं चालेल का. तिकडे ज्याचा वाढदिवस तोच केक घेऊन जातो, त्यामुळे वर्षात वीस-पंचवीस वेळा हा प्रश्न येणार आहे. (आणि वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नये, ते अपशकुनी मानतात.) जिलेटिन हा शब्द ओळखायला शिकवा, रंगीत गोळ्यांत आणि काही पुडिंगांत ते असतं. संध्याकाळचं जेवण बहुधा थंड: ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो. आपल्या मुलांना पहिला महिना ते जेवण वाटतच नाही, नाश्ता झाला आणि जेवण राहिलं असं वाटत राहतं.

यावर उपाय तिच्या हातात आहे. तिला चार पदार्थ शिकवा, पण तिकडच्या दुकानात मिळणाऱ्या जिनसांचे. मसुरीची लाल डाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये 'रोटे लिन्झेन' म्हणून मिळते आणि कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते. रवा म्हणजे 'ग्रीस', शिरा होतो. बटाट्याची भाजी. आणि क्वार्क! आपल्या चक्क्याचा तो सख्खा भाऊ. जास्त स्निग्धांशाचा घ्यायचा, साखर, वेलदोडा, केशर घालून फेटायचा, न टांगता श्रीखंड तयार. दसऱ्याला हे करून वाढलं की घरातल्यांचा सूर बदलतो, हे मी खात्रीने सांगते. फोडणी करताना आधी खिडकी उघडायची. तिकडे घराघरांत धुराची सूचना देणारे यंत्र छताला असतं आणि मोहरी तडतडली की ते किंचाळतं. स्वयंपाक झाल्यावर ओटा आधी होता त्याहून स्वच्छ. हे शेवटचं मी मुलग्यांनाही तितक्याच आवाजात सांगते.

ज्या गोष्टींवरून घरांत खरोखर धुसफूस होते त्या क्षुल्लक असतात, आणि त्यातल्या अर्ध्या न्हाणीघरातल्या. तिकडच्या बाथरूमच्या जमिनीला बहुधा पाणी जायला वाटच नसते. आपण आंघोळ करून जमिनीवर पाणी सोडतो, तिथे ते खालच्या मजल्याच्या छतातून उतरतं. लांब केस जाळीतून काढून टाकायचे. तेल लावून झोपायचं असेल तर उशीवर स्वतःचा टॉवेल. बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या. हिवाळ्यात रोज पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलतात. उणे पाच तापमानात कुणी तिच्या खोलीत येऊन खिडकी उघडली, तर तो राग नव्हे, रीत आहे. रविवारी दुकानं बंद. आणि 'डांके'. आपण आईला पाणी दिल्याबद्दल आभार मानत नाही, मानले तर आईलाच वाईट वाटेल. तिकडे प्रत्येक वेळी मानायचे, मीठ पुढे सरकवल्याबद्दलसुद्धा. न बोललेली कृतज्ञता तिथे कुणापर्यंत पोचत नाही. यजमान कुटुंबांना या कार्यक्रमात पैसे मिळत नाहीत. ती हौसेने घर उघडतात. वर्षात बहुधा दोन-तीन घरं बदलतात, आणि प्रत्येक घरात ही सगळी बाराखडी नव्याने. पहिल्या घरात कांदा चिरायची मुभा होती म्हणून दुसऱ्या घरात सुरी उचलायची नाही. विचारायचं.

शाळा सकाळी साडेसात-आठला सुरू होते. गुण उलटे असतात; १ सर्वोत्तम, ६ नापास. पहिलं पत्रक पाहून एका वडिलांनी मला रात्री अकराला फोन केला होता, "सगळ्या विषयांत दोन आणि तीनच मिळालेत हो!" वर्गात हात वर करून बोलण्याला गुणांत मोठा वाटा असतो. वही व्यवस्थित, पेपर छान आणि तोंड बंद, अशी आपली पहिल्या नंबरची मुलगी तिथे मधली ठरते. तिला एवढंच सांगा की प्रत्येक तासाला एक वाक्य. चुकलं तरी एक. गणित, इंग्रजी, चित्रकला, खेळ यांपासून सुरुवात करावी, इतिहासाचा तास डिसेंबरपर्यंत डोक्यावरून जाईल, जाऊ द्यावा.

तिथे सोळाव्या वर्षी बियर आणि वाइन कायद्याने चालते. वर्गमित्र घेतील, यजमान घरात टेबलावर असेल. कार्यक्रमाचे नियम मात्र कायद्याहून कडक असतात. दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं आणि प्रेमप्रकरणं या चारही गोष्टींना मनाई, आणि मोडले तर परतीचं विमान. तुम्ही या विषयावर घरी कधी बोलला नसाल. आता बोला, आणि दटावण्याच्या सुरात नको.

याच बैठकीत आणखी एक विषय. ज्या मुलीला आपण 'जुळवून घे' शिकवतो, तिला 'हे मी जुळवून घेणार नाही' हेही शिकवलं पाहिजे. कुणाचा स्पर्श नकोसा वाटला, कुणी खोलीत न विचारता आलं, घरातलं कुणी दारू पिऊन अंगावर आलं, तर ती संस्कृतीतली तफावत समजायची नाही. यजमान कुटुंबाबाहेरची एक व्यक्ती तिची समुपदेशक म्हणून नेमलेली असते. तिला त्याच दिवशी सांगायचं, मग तुम्हाला. समुपदेशक कोण, फोन नंबर काय, हे जाण्याआधी तुमच्याकडे लेखी असावं. आणीबाणीसाठी ११२, पोलीस ११०, मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन ११६१११. हे आकडे कागदावर लिहून पाकिटात, कारण फोनची बॅटरी ऐन वेळी संपते. घर बदलून मागणं हा तिचा हक्क आहे आणि बावीसच्या बावीस वर्षांत मी तशी घरं बदलून घेतली आहेत.

आता तुमच्याकडे येते. माझ्या वेळी घरून पत्र यायला दहा-बारा दिवस लागत, फोन वर्षात तीन वेळा. ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. आईला ताप आला होता हे मला बरी झाल्यावर कळलं. पण आज माझी निम्मी डोकेदुखी व्हिडिओ कॉल आहे. आपल्याकडे रात्रीची जेवणं उरकून दहाला निवांत फोन लावायचा म्हटलं, तर उन्हाळ्यात तिथे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा यजमान घर एका टेबलाभोवती जमतं. ती खोलीचं दार लावून तुमच्याशी बोलते आणि खाली तिची खुर्ची रिकामी. महिनाभर हे चाललं की तिला बोलावणं बंद होतं, कारण, पुन्हा तेच, तिकडे आग्रह करत नाहीत. रविवारी दुपारी अडीचला लावा, तिथे सकाळचे अकरा वाजलेले असतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे गेली की दहा. आठवड्यातून एकदा, अर्धा तास. मधल्या दिवसांत एखादा फोटो, चार ओळी. आणि फोनवर 'जेवलीस का' हा पहिला प्रश्न नको. 'या आठवड्यात कुणाशी काय बोललीस' असं विचारा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती रडेल. सुरुवातीचं नवल ओसरलेलं असतं, भाषा अजून हाताशी नसते, दिवस लहान होत जातात. उत्तर जर्मनीत डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. त्यातच दिवाळी येते, आणि तुम्ही कौतुकाने आकाशकंदिलाचा आणि फराळाच्या ताटाचा फोटो पाठवता. पाठवा, पण त्याच दिवशी तिने तिथे काही करावं असं आधीच ठरवून ठेवा. पणत्या लावून शेजाऱ्यांना चहाला बोलवावं. तिथेही ११ नोव्हेंबरला लहान मुलं सेंट मार्टिनचे कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात, आपला कंदील तिने त्यांच्यात नेला तर कुणाला खटकणार नाही. ती 'परत येते' म्हणाली तर लगेच तिकीट बघू नका आणि लगेच 'नाही' म्हणू नका. तीन आठवड्यांनी बोलू म्हणा. तीन आठवड्यांनी बहुतेक मुलांना आपण असं म्हणालो होतो हेच आठवत नसतं. ज्यांना आठवतं, त्यांचं गांभीर्याने ऐकायचं. जेवण-झोप बिघडलेली, शाळेत जाणं बंद, कुणाशीच बोलणं नाही, असं असेल तर समुपदेशकाला तुम्ही फोन करा. परत आलेलं मूल नापास झालेलं नसतं.

अकरावीचं सरळ उत्तर असं की ते वर्ष कागदावर जातं, असं धरूनच चाला. तिथल्या शाळेचं हजेरीचं आणि गुणांचं पत्र मिळतं, पण त्यावर इथे थेट बारावीत बसवतील अशी आशा धरू नका. दहावीनंतर जाऊन, परत आल्यावर अकरावीला प्रवेश, हा मला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग वाटतो. परतीची तारीख आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या एकमेकींवर आदळतात, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला असेल तर तो, सगळं स्कॅन करून घरी तयार ठेवा आणि अर्ज तुम्ही भरा. नीट किंवा जेईई डोक्यात असेल तर वर्षभर तिकडे पुस्तकं पाठवू नका. दोन्ही डगरींवर पाय ठेवून गेलेली मुलं ना धड तिथे असतात ना इथे.

पैशांचं एकच सांगते. राहणं-जेवण यजमानांकडे, महिन्याचा थोडा हातखर्च तिथला रोटरी क्लब देतो. विमान, विमा, व्हिसा तुमचा. त्याशिवाय आणीबाणीसाठी काही रक्कम तिच्या नावे वेगळी लागते, किती ते तुमचा रोटरी जिल्हा (म्हणजे तुमच्या भागातल्या क्लबांचा गट) लेखी कळवेल. सगळ्या मुलांची मिळून जी युरोप सहल निघते तिचे पैसे वेगळे, ते ऐन मार्चमध्ये मागतात.

आज संध्याकाळी दोन कामं करा. लसीकरणाचं कार्ड शोधा. आणि जेवताना तिला पोळी एकदाच विचारा.